मोहेंजोदडोची भिंत: जुनी वीट कुठली, नवी कुठली?

मोहेंजोदडोला जाऊन आलेल्या कुणाचेही फोटो उघडा. रखरखीत उन्हात विटांच्या भिंती, सरळ गेलेल्या गल्ल्या, कडेने झाकलेली गटारं आणि खाली ठरलेली ओळ: ‘साडेचार हजार वर्षांपूर्वीचं शहर’. शहर तेवढं जुनं आहेच. पण फोटोत दिसणारी वीट तेवढी जुनी असेलच असं नाही. पायथ्याचे काही थर गेल्या पन्नास-साठ वर्षांत बसवलेले, माथ्यावरचे थर त्याहून नंतरचे, मधला पट्टा मूळचा आणि त्यावर पुन्हा मातीचा लेप, अशी भिंत तिथे जागोजागी भेटते. जवळ उभं राहूनही फरक चटकन कळत नाही, कारण नवी वीट मुद्दाम जुन्या मापाचीच पाडलेली असते.

मग या भिंतीतली मूळ वीट कुठली, हे ठरवायचं कशावरून? नकाशे आहेत, पण नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. वीट तिथे दिसत नाही. ती दिसते 1920 च्या दशकातल्या फोटोंत. ते फोटो विटांची नोंद ठेवायची म्हणून काढलेच नव्हते, आणि या प्रकरणातली खरी गोम तिथेच आहे.

खणणारे आणि त्यांचा कॅमेरा

सिंधमधल्या लारकाना जिल्ह्यात सिंधू नदीच्या उजव्या अंगाला ही टेकाडं आहेत. राखालदास बॅनर्जींनी 1922 च्या हिवाळ्यात ती खणायला घेतली तेव्हा डोळ्यासमोर होता माथ्यावरचा बौद्ध स्तूप. खाली त्याहून दोन हजारांवर वर्षांनी जुनं शहर निघालं. पुढच्या हंगामात माधोस्वरूप वत्स आले, 1924-25 मध्ये काशिनाथ नारायण दीक्षित. दीक्षित मूळचे पंढरपूरचे. पुढे 1937 ते 1944 या काळात ते पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. मोहेंजोदडोच्या नकाशावर खणलेल्या भागांना खणणाऱ्यांच्या नावांवरून अक्षरं दिलेली आहेत: वत्स यांचा ‘व्हीएस’, हारग्रीव्ह्जचा ‘एचआर’, दीक्षितांचा ‘डीके’. शाळेच्या पुस्तकातला तो दाढीवाला ‘पुजारी-राजा’ डीके भागातच सापडला आणि त्याचा नोंद-क्रमांकही डीके 1909 असा आहे. पुढे दीक्षितांनी बंगालमध्ये, आजच्या बांगलादेशातल्या पहाडपूरचा प्रचंड विहार खणला. तोही भाजक्या विटांचाच. पंढरपूरच्या या माणसाची उमेद विटांत गेली म्हणायची.

फोटोची ताकद इथे फार लवकर दिसली. पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे महासंचालक सर जॉन मार्शल यांनी हा शोध जाहीर केला तो 20 सप्टेंबर 1924 च्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या सचित्र साप्ताहिकात. शहर किती जुनं आहे हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. आठवडाभरात ए. एच. सेस या अभ्यासकाचं पत्र छापून आलं: फोटोतल्या मुद्रांसारख्या, म्हणजे कोरलेल्या शिक्क्यांसारख्या वस्तू इराणातल्या सुसाला मिळाल्या आहेत. त्याच्या पुढच्या अंकात ब्रिटिश म्युझियमच्या गॅड आणि स्मिथ यांनी सुमेरशी, म्हणजे प्राचीन इराकशी नातं दाखवलं. छापील फोटो पाहून पंधरा दिवसांत एका संस्कृतीचं वय दीड-दोन हजार वर्षांनी मागे गेलं.

पण हा मान मिळाला मुद्रांना. भिंती बहुधा पार्श्वभूमीला असत, किंवा गल्ली, गटार, खोली दाखवायची म्हणून चौकटीत येत. माणूस मोजमापासाठी उभा केलेला, सावल्या लांब. 1925-26 मध्ये मार्शल यांनी मोठं मनुष्यबळ लावलं, त्यानंतर 1931 पर्यंत अर्नेस्ट मॅके खणत राहिले. मार्शल यांच्या 1931 च्या तीन खंडी अहवालाचा एक अख्खा खंड चित्रपत्रांचा आहे. त्या पानांवर हजारो विटा आहेत, आणि त्यातल्या एकीलाही स्वतःची अशी नोंद नाही.

वीट जवळून

या विटेचं प्रमाण एकाला दोनाला चार: जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. साधारण 7 × 14 × 28 सेंटिमीटर. हे प्रमाण गवंड्याच्या सोयीचं आहे. दोन विटा शेजारी ठेवल्या की त्यांची रुंदी एका विटेच्या लांबीएवढी होते, त्यामुळे एका थरात विटांच्या लांब बाजू बाहेर आणि वरच्या थरात डोकी बाहेर अशी बांधणी आपोआप जुळते, आणि सांध्यावर सांधा येत नाही. आपल्याकडचा गवंडी आजही हेच करतो. सांध्यांत बहुतेक ठिकाणी साधी माती.

जिथे पाणी, तिथे काम वेगळं. महास्नानगृहाचा हौद सुमारे 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद आणि 2.4 मीटर खोल. त्याच्या विटा घासून नेमक्या केलेल्या, तळाला उभ्या कडेवर बसवलेल्या, आणि सांधे जिप्समच्या गाऱ्याने इतके घट्ट बांधलेले की पातं शिरणं कठीण. या भिंतीमागे सुमारे तीन सेंटिमीटरचा डांबराचा थर, आणि तो धरून ठेवायला मागे आणखी एक विटांची भिंत. हौदासमोरून फोटो काढला तर यातलं काहीच दिसत नाही. डांबर दिसतं ते भिंत उघडी पडली असेल तिथेच. ती जागा दुरुस्तीत बुजवली की फोटोच उरतो.

विहिरींच्या विटा आणखी वेगळ्या. पाचरीच्या आकाराच्या, एक टोक अरुंद, म्हणजे गोल लावताना आतून फट राहत नाही. शहराची जमीन शतकानुशतकं चढत गेली तसतसा लोकांनी विहिरीचा काठही वर नेला. खणणाऱ्यांनी भोवतालची माती काढली तेव्हा या विहिरी उंच धुराड्यासारख्या हवेत उभ्या राहिल्या. मोहेंजोदडोचा सर्वांत विचित्र फोटो हाच. बघणाऱ्याला बुरूज वाटतो. विहिरीची बाहेरची बाजू कुणी बघावी म्हणून बांधलेलीच नव्हती, ती कायम मातीत होती. त्यामुळे बाहेरून ओबडधोबड दिसणाऱ्या या विटांवरून बांधकामाचा दर्जा ठरवू नये. फोटोखालच्या ओळीत एवढं लिहिलेलं नसतं आणि वाचणारा फसतो.

लोणा

मातीखाली या विटा चार हजार वर्षं टिकल्या. उघड्या पडल्यावर काही दशकांत झिजल्या. कारण आपल्या जुन्या घरांत भिंतीला लागतो तोच लोणा, फक्त प्रमाण भयंकर.

जमिनीतलं खारं पाणी विटेच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढतं, पृष्ठभागाजवळ येऊन उडून जातं, मीठ मागे राहतं. इथलं मुख्य मीठ सोडियम सल्फेट, आणि त्याची खोड अशी की ते पाण्यासह आणि पाण्याविना अशा दोन रूपांत राहतं. ओल मिळाली की पाणी धरून तिपटीहून जास्त फुगतं, उष्णता वाढली की पुन्हा कोरडं होतं. हा पालट साधारण 32 अंश सेल्सिअसच्या आसपास होतो, हवेतल्या दमटपणाप्रमाणे थोडा इकडेतिकडे. आता मोहेंजोदडोचं हवामान बघा: 26 मे 2010 रोजी तिथे 53.5 अंशांची नोंद झाली, आणि हिवाळ्यातल्या रात्री चांगल्याच गार असतात. म्हणजे वर्षातून असंख्य वेळा मीठ विटेच्या पोटात फुगतं आणि आकसतं. विटेचे पोपडे सुटतात, मग भुगा होतो. झीज पायथ्याशी जास्त, कारण ओल तिथे. वरची भिंत शाबूत, पायथा कुरतडलेला, आणि एक दिवस सगळीच आडवी.

लोणा खणणाऱ्यांच्याही नजरेला पडला होता. त्यात 1932 मध्ये सक्करचं धरण सुरू झालं, कालवे आले, भोवती भाताची शेती झाली आणि जमिनीतलं पाणी वर आलं. 1964-65 मध्ये जॉर्ज डेल्स यांनी केलेलं उत्खनन हे इथलं शेवटचं मोठं. त्यानंतर मोठ्या खोदकामाला बंदी आली. युनेस्कोची आंतरराष्ट्रीय मोहीम 1974 मध्ये सुरू झाली, 1997 मध्ये संपली. मधे 1980 ला स्थळ जागतिक वारसा यादीत आलं. पाणी खाली ओढायला कूपनलिका, नदी थोपवायला बांध, भिंतींच्या पायथ्याशी ओल अडवणारे काँक्रीटचे थर, कुजलेल्या विटा काढून नव्या, माथ्यावर नव्या विटांचं झाकण आणि अंगावर मातीचा लेप, असे सगळे उपाय झाले. काँक्रीटचा उपाय नंतर मागे पडला. मातीचा लेप मात्र चालतो, कारण मीठ विटेऐवजी लेपात येऊन बसतं. लेप झडला की नवा द्यायचा.

माझं मत या दुरुस्त्यांच्या विरोधात नाही. त्या झाल्या नसत्या तर आज बोलायला भिंतच नसती. खटकतो तो बेमालूमपणा. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या 1964 च्या व्हेनिस सनदेने स्पष्ट म्हटलं आहे की नवा भाग एकूण रूपात मिसळावा, तरी मूळ भागाहून वेगळा ओळखू यावा. एकाच मापाची, एकाच मातीची, एकाच रंगाची नवी वीट जुन्या भिंतीत बसवली आणि त्या दिवशी कुणी फोटो काढला नाही, तर पुढच्या अभ्यासकाने काय करायचं? आणि लेप? विटेला वाचवणारा सर्वांत चांगला उपाय तोच, पण तो विटेलाच झाकतो.

1979: जुने फोटो पुन्हा मैदानात

जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाचं पथक मिखाएल यान्सेन यांच्या नेतृत्वाखाली 1979 मध्ये इथे आलं ते खणण्यासाठी नव्हे, खणायला तर बंदीच होती. उघड्या पडलेल्या बांधकामाचीच नीट नोंद करायची, असा त्यांचा बेत. स्थळ अडीचशे हेक्टरांच्या आसपास, खणलेला भाग जेमतेम दहावा. पण तेवढाही कुणी विटेच्या पातळीवर तपासलेला नव्हता. भिंतीभिंतीचं मोजमाप झालं, फोटो झाले. वरून फोटो घ्यायला माणूस नसलेला गरम हवेचा फुगा उडवला, त्याला कॅमेरा टांगला. ड्रोन येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. शिवाय पूर्वीच्या उत्खननांचे मूळ फोटो आणि नोंदवह्या शोधून, कुठली वस्तू कुठल्या खोलीत निघाली होती ते पुन्हा नकाशावर बसवण्याचं काम हाती घेतलं.

जुन्या फोटोवरून भिंत वाचायची कशी, हे इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे, कारण ही पद्धत कुठल्याही विटांच्या इमारतीला लागू पडते.

पहिलं म्हणजे माप. फोटोत माणूस नसला, मोजकाठी नसली तरी वीट असतेच. विटेची जाडी 6.5 आणि मातीचा सांधा 1 धरला तर एक थर 7.5 सेंटिमीटरचा. फोटोत 30 थर मोजले तर भिंत सव्वादोन मीटर. आज तिथे 24 च थर दिसत असतील तर सहा थर गाळात बुडाले, की माथ्यावरून गेले? ते कळायला दुसरी खूण लागते.

ती खूण गवंड्याच्या हातून आलेली असते. कितीही शिस्तीची भिंत असो, त्यात कुठेतरी अर्धी वीट घातलेली असते, कुठे सांध्यावर सांधा आलेला असतो, एखादी वीट तिरकी बसलेली असते, एखादी भेग चार थर चिरत गेलेली असते. अशा चार-पाच खुणा मिळून त्या भिंतीचा अंगठा होतो. जुन्या फोटोत हा अंगठा सापडला आणि आजच्या भिंतीत तोच पट्टा जुळला, की तेवढा पट्टा मूळचा. त्याच्या खालचे-वरचे थर जुळत नसतील तर ते नंतरचे. दुरुस्ती करणारा गवंडी माप जुळवतो, रंग जुळवतो, पण चुका जुळवत नाही.

तिसरी गोष्ट जागा. जुना फोटो कुठून काढला ते कळलं की तुलना पक्की होते. त्यासाठी जवळची एक कड आणि दूरची एक कड पकडायची. जुन्या फोटोत जवळच्या भिंतीचा कोपरा दूरच्या दाराच्या नेमक्या कुठल्या सांध्यावर येतो ते बघायचं, आणि तीच जुळणी दिसेपर्यंत डावी-उजवीकडे, पुढे-मागे सरकायचं. सोपं वाटतं, पण मोहेंजोदडोत एक भलतीच अडचण येऊ शकते. 1920 च्या दशकातला फोटोवाला जिथे उभा होता ती न खणलेली माती पुढच्या हंगामात खणून गेली असेल, तर त्याची उभी राहण्याची जागा आज हवेत आहे. तिथे पोचायला फुगा हवा, किंवा लांब काठी, किंवा आता ड्रोन.

रंगावर मात्र विसंबू नये. त्या काळच्या बऱ्याच काचेच्या प्लेटांना लाल रंग नीट पकडता येत नसे, त्यामुळे लाल वीट काळपट उमटते. एकाच भिंतीचे दोन फोटो निव्वळ प्लेट वेगळी म्हणून वेगळे दिसू शकतात. आणि अहवालात छापलेल्या चित्रावरही काम भागत नाही: छपाईत बारीक सांधे बुजतात, अर्धी वीट की पूर्ण हे कळेनासं होतं. मूळ निगेटिव्ह किंवा त्यावरून काढलेली चांगली प्रत हवी. इथे फाळणी आडवी येते. 1947 नंतर स्थळ पाकिस्तानात राहिलं आणि ज्या खात्याने ते खणलं त्याचं मुख्यालय दिल्लीत. सापडलेल्या वस्तूंची तर वाटणी झालीच. एका हाराचे मणीसुद्धा दोन देशांत विभागले गेले.

फोटोला जे जमलं नाही

जुन्या फोटोंचं कौतुक करताना त्यांच्या उणिवा झाकू नयेत. फोटो भिंतीची एकच बाजू दाखवतो. मागची बाजू, भिंतीची जाडी, आतला भराव काहीच सांगत नाही. गल्ल्यांचे फोटो भरपूर, घरांच्या आतल्या कोपऱ्यांचे कमी, कारण गल्ली छान दिसते. त्याहून मोठी अडचण म्हणजे खाली जायचं तर वरची भिंत काढावी लागते. अशा काढलेल्या भिंतींचा फोटो असेल तर तो एकमेव पुरावा, आणि नसेल तर विषय संपला.

शिवाय दर्शनी फोटो तिरका असेल तर वरचे थर लहान दिसतात आणि थर मोजून काढलेलं माप चुकतं. मोजणी पायथ्यापासून करून दर दहा थरांनी पडताळावी लागते. आज एकावर एक सत्तर-ऐंशी टक्के झाकणाऱ्या फोटोंच्या मालिकेवरून संगणक भिंतीची मोजता येईल अशी घन प्रतिमा तयार करतो, तेव्हा हा त्रास उरत नाही. पण त्या प्रतिमेलाही जुनी वीट कुठली आणि 1985 ची कुठली हे आपोआप कळत नाही. ते ठरवायला पुन्हा तीच काचेची प्लेट आणि तीच अर्धी वीट.

ऑगस्ट 2022 च्या अतिवृष्टीत मोहेंजोदडोच्या अनेक भिंतींचं नुकसान झालं, काही पडल्या. पावसात आधी वाहून जातो तो मातीचा लेप. म्हणजे दुरुस्तीच्या आधी काही दिवस, क्वचित काही तास, वीट उघडी असते; एरवीही लेप नव्याने देताना जुना खरवडतात तेव्हा तीच संधी येते. तेवढ्यात भिंतीचा क्रमांक लिहिलेली पाटी, मोजपट्टी आणि रंगपट्टी चौकटीत धरून, तिरप्या उन्हात, दोन्ही बाजूंनी फोटो घेतले आणि बदललेल्या विटा त्या फोटोवरच खुणा करून ठेवल्या, तर पुढच्या माणसाला अंगठे जुळवत बसायला नको. यासाठी फुगा लागत नाही की परदेशी पथक. लेप द्यायला आलेल्या गवंड्याच्या खिशातला मोबाइल पुरतो, फक्त ते फोटो त्याच्या मोबाइलमध्येच राहता कामा नयेत.